सुईणीच्या हातचं पाणी

शेवटच्या घटका मोजणाऱ्या हिरू सुईणीनं फादर इनासचा हात धरला. ती हिंदू, पण वाडीतलं ख्रिस्ती बाळ जगेनासं दिसलं, की पाद्री पोचायच्या आत तीच त्याच्या डोक्यावर स्वर्गाचं दार उघडणारं बाप्तिस्म्याचं पाणी घालायची. चर्चला ते मान्य होतं. त्यातलं निळं पडलेलं एकच पोर जगलं, ते हे फादर.

“माझ्या हातचं पाणी देवाला चाललं. मग मला घेईल का रे आत?”

फादरांनी उशाच्या तांब्यातल्या पाण्यानं ओंजळ भरली. “आई, घालू तुला पाणी?”

“आमचे धनी या पाण्याविनाच गेले. ते आत असतील, तर घाल.”

चर्चबाहेरच्या माणसाला तारण, म्हणजे मोक्ष, आहे का, या वादात फादरांनी पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत भल्याभल्यांना गप्प केलं होतं. आता ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत राहिलं.