पाच पदरी तार

मनकर्णाबाईनं तिसरी घंटा दिली आणि चर्चच्या फाटकाला कुलूप घातलं. दर रविवारी ती ते आतून घालायची. आज बाहेरून घातलं, चावी पदराच्या गाठीला बांधली आणि रस्त्याकडेच्या मोहाखाली रांजणाशेजारी जाऊन बसली.

रांजण चर्चचाच. वीस उन्हाळे तो चर्चच्या ओसरीवर होता आणि नाल्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणून तीच तो भरायची. गावाचा बाजार रविवारचा. मोहफुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन माडिया माणसं पहाटेपासून डोंगर उतरून यायची, ओसरीवर टेकायची, पाणी प्यायची आणि पुढं जायची. कुणी जाता जाता दोन गाणी ऐकायचं, कुणी नाही. यंदा, ब्याऐंशी साली, मात्र चर्चच्या पंचकमिटीला अचानक ओसरीवरच्या तंबाखूच्या पिचकाऱ्या दिसल्या, प्रार्थनेत टोपलीतल्या कोंबड्या ऐकू आल्या. होळी झाली आणि चर्चभोवती काटेरी तार आली. पाच पदरी.

गेल्या रविवारी सुकरी नावाची एक माडिया बाई पाठीला लेकरू बांधून तारेपाशी आली होती. "एर, एर," म्हणत पाणी मागत होती. मनकर्णाबाई पाण्याचा गडवा घेऊन गेली, पण वरच्या तारा दाट, त्यांतून गडवा जाईना. मग सुकरी गुडघ्यांवर बसली आणि खालच्या मोठ्या फटीतून तिनं ओंजळ आत घातली. मनकर्णाबाईनं पाणी ओतलं. जनावराला पाजावं तसं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी वामनराव आले.

"पुन्हा बाहेरच्यांले पानी पाजतानी दिसली, त खोली खाली करजो, बाई."

खोली म्हणजे चर्चमागची, आठ बाय दहाची. तिच्याशिवाय मनकर्णाबाईला जगात छप्पर नव्हतं. आज उजाडताच तिनं खोली खाली केली. पेटी, चटई, नवऱ्याचा फोटो, सगळं मोहाखाली आणून ठेवलं. रिकामा रांजण गडगडत रस्त्यावर आणला आणि घागरीमागून घागर ओतून काठोकाठ भरला. पुढं कुठं जायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. ठरवत बसली असती तर निघणंच झालं नसतं.

आत आज मिशन रविवार होता. भोंग्यावरून पाळकसाहेबांचा आवाज येत होता. प्रभूनं आपल्याला चार भिंतींत बसायला बोलावलेलं नाही, आपण जगाच्या टोकापर्यंत गेलं पाहिजे, असं ते सांगत होते. बोलत होते मनापासून, यात शंका नव्हती. बाहेर मनकर्णाबाई येईल त्याला गडवा भरून देत होती. सुकरीही आली. आज ती उभ्यानं पाणी प्याली, लेकराच्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि बाजार सोडून मनकर्णाबाईला हात द्यायला तिथंच थांबली.

बारा वाजता आशीर्वाद झाला आणि जगाच्या टोकापर्यंत निघालेली मंडळी फाटकापाशी येऊन अडली.

ऊन मी म्हणत होतं. पोरं पाणी मागू लागली, तेव्हा ओसरीवर रांजण नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. वामनरावांनी पुढं होऊन कुलूप हिसडून पाहिलं.

"बाई, हे काय करून राह्यली? उघड!"

"बाहेरच्यांले आत घ्याचं नाई म्हनलं तुमी. नाई घेतलं."

"अवं, आमी त आतले हावो ना!"

"तेच म्हनतो मी. आतले आतच राहा."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. वामनरावांचा चेहरा तांबडा झाला.

"खोली जाईन तुही!"

"सकारीच खाली केली. तिले कुलूप नाई लावलं, भाऊ. उघडीच हाय, जाऊन पाहा."

पाळकसाहेब गर्दीतून पुढं आले. तासभराच्या प्रवचनानं त्यांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी मोहाखालची पेटी पाहिली, चटई पाहिली, रांजण पाहिला.

"मनकर्णाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तहान लागली."

"पानी हाय ना, साहेब. कोनाले नाई म्हनत नाई आमी."

सुकरी गडवा घेऊन तारेपाशी गेली. पाळकसाहेबांनी पांढरा झगा सावरला, धुळीत गुडघे टेकले आणि खालच्या फटीतून ओंजळ बाहेर काढली. तिनं धार धरली. पाणी संपल्यावरही ते बराच वेळ उठले नाहीत.

मग एका बाईनं गीतांचं पुस्तक काखेत मारलं आणि ती खाली बसली. तिच्यामागून दुसरी. पोरांनी तर रांगच लावली. मनकर्णाबाईनं पदराची गाठ सोडून चावी हातात घेतली, पण ती जागची हलली नाही. एक माणूस अजून उभाच होता.

सुकरीनं गडवा पुन्हा भरला आणि वामनरावांपुढं धरला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि वरच्या तारांमधून हात घातला. बाही काट्यात अडकली.

सुकरीला मराठी बेताचीच येत होती. तिनं गडव्यानंच खालची फट दाखवली.

"वरून नाई होत, भाऊ," ती म्हणाली. "खाली वाक."