पलीकडचं पाणी

नदी त्यांच्या देशातून आमच्या देशात येते, म्हणून पुराचा अंदाज दोन्हीकडच्या हवामान खात्यांनी मिळून द्यायचा, असा करार झाला. सह्या झाल्या, फोटो निघाले, पलीकडच्या खात्याच्या मॅडम आमच्या आईच्या हातचं जेवूनही गेल्या. पण नदीच्या पातळीचा आकडा मागितला की तिकडून ठरलेलं उत्तर यायचं, "अजून वरून परवानगी नाही."

आज सकाळपासून तिकडे धो धो कोसळत होता. उपग्रहाच्या चित्रात ढग दिसत होते, नदी किती चढली ते कोण सांगणार? दुपारी मी आमच्या खात्यातून मॅडमना पुन्हा फोन लावला.

"मॅडम, आकडा द्या हो! इथे काठावर माणसं राहतात."

"फोन रेकॉर्ड होतो, साहेब. परवानगीशिवाय मला एकही आकडा देता येत नाही."

"मग त्या कराराचं काय लोणचं घालायचं?" माझा पाराच चढला.

त्या सहज चौकशी करावी तशा म्हणाल्या, "आई बऱ्या आहेत ना? अजून त्याच काठावरच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर?"

"हो. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही तिला." बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे... आज तिला पहिल्या मजल्यावर हलवू का?"



"पहिल्या नको. दुसऱ्या मजल्यावर न्या, अंधार पडायच्या आत."