वाघाटीचा सत्कार

वाघाटी हे घरच्या मांजराहूनही लहान रानमांजर. ते कसं वाचवायचं, यावर अर्धापुरात सकाळपासून खल चालला होता. शेवटी वनाधिकारी आरती मॅडमना तोड सुचली. उसाच्या फडात पिल्लं दिसताच पाचट पेटवायचं थांबवणाऱ्या शेषेरावांचा भर सभेत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, पेपरात फोटो. बाकीच्यांनाही हुरूप यावा म्हणून.

हुरूप आला. आठवडा उलटायच्या आत मॅडमच्या ऑफिससमोर टोपल्या घेऊन माणसांची रांग लागली. टोपल्यांत डोळेही न उघडलेली पिल्लं.

"अहो, यांची आई कुठंय?" मॅडम किंचाळल्या.

घरूनच फेटा बांधून आलेला बालाजी म्हणाला, "लई वरडत येशीपर्यंत मागं आली होती. दगडं मारून हाकलली तिला. फोटो कवा काढायचा, मॅडम?"