हुबेहूब

दमदाटी कशी ओळखावी आणि कशी थांबवावी, हे शिकवायला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यासाठी शिलाई कारखान्यातली मशीनं तासभर बंद ठेवली होती. "इथे कुणाला त्रास होतो का?" मॅडमनी विचारलं. पहिल्या रांगेतल्या सुपरवायझरने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"बरं, मग एक नाटुकलं करू. दमदाटी करणारा साहेब कोण होतंय?"

काज-बटणवाली उठली. शेजारची इस्त्रीवाली मावशी पुटपुटली, "बये, हीच वेळ आहे. तो बोलतो तसंच्या तसं बोल. मॅडमच्या कानावर जाऊ दे एकदाचं."

सुपरवायझर तिला रोज जे सुनावायचा, ते ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "हात आहेत की खुरं? मुतायला जायचंय? बस तिथेच आणि कर. तुला जन्माला घालताना तुझ्या आईला लाज नाही वाटली?" बोट नाचवणंही त्याचंच होतं.

मग सुपरवायझरनेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मॅडमही हसल्या.

"छान केलंस, पण जरा अतीच झालं हं. खरोखर असं कोणी बोलत नाही."