नरसिंहाचा दोर

"तिले घट धरज्यात हां," उंबऱ्यावर आडवे होता होता लोटननाना म्हणाले. "सोंग शे, त्याना काय भरोसा!"

आणि स्वतःच मोठ्याने हसले. डोक्यावर हिरण्यकश्यपूचा टोप होता, चिकटवलेल्या काळ्या मिशा हसताना एका बाजूने सुटत होत्या. गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोंगं निघतात, त्यातलं हे सोंग पहिल्यापासून नानांच्या घरचं. दुसऱ्या कुणी त्या टोपाला हात लावायचा नाही, असा मान. म्हणून जळगावच्या पिंप्राळ्याची प्राची कॅमेरा घेऊन आली, तेव्हा नाना आपण होऊन पुढे आले होते. "बाहेरना माणूस कसाले जोयजे? मी करसू ना."

प्राचीला माणूस आयताच मिळाला. ती अशा छोट्या फिल्म करायची. ज्या बायांच्या अंगावर काही गुदरलं आहे, त्यांनी पुराणातली एक गोष्ट निवडायची आणि ती स्वतःच उभी करायची. करता करता आतली गाठ सैल होते, हा तिचा अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता. तिचा एकच नियम कडक होता. झालेलं सांगायचं, करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नानांच्या पुतणीने, रूपालीने, कापसाच्या कोठीत घडलेलं सगळं सांगितलं, तेव्हा आपण बारा वर्षांच्या होतो हेही सांगितलं, आणि माणसाबद्दल फक्त "घरातलाच" एवढं म्हणाली. मग तिने नरसिंहाची गोष्ट निवडली.

प्राचीला पुराण चांगलं ठाऊक होतं, हे घर ठाऊक नव्हतं. समोरचा हसरा काका हाच तो घरातला माणूस, हे तिला कोण सांगणार? हिरण्यकश्यपू नाना करणार म्हटल्यावर रूपाली जराशी थांबली होती. मग म्हणाली, "चालेल."

नरसिंहाच्या सोंगाच्या कमरेला दोर बांधतात आणि दोन बाजूंनी दोघं जण धरून ठेवतात. मुखवटा चढला की सोंग खरंच धावून जातं, माणूस ओळखत नाही, असं गाव मानतं. एरवी पुरुष धरतात. या वेळी मुखवट्याआड रूपाली, म्हणून नानांनीच ठरवलं की दोरही बायाच धरतील. एक टोक रूपालीच्या आईकडे, सुनंदाबाईंकडे दिलं. दुसरं आपल्या बायकोकडे, रुक्माबाईंकडे.

सुनंदाबाईंना सगळं माहीत होतं. त्या वेळी "गप ऱ्हाय" असं लेकीला त्यांनीच बजावलं होतं आणि तेव्हापासून त्या शब्दाने त्यांचं काळीज कुरतडलं जात होतं. त्यांनी दोर मनगटाभोवती गुंडाळून घेतला. भीती नानांची नव्हती, पोरीच्या हातून आज काही होऊन बसेल, याची होती. रुक्माबाईंना काय माहीत आहे, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. सोंगाची पत्र्याची नखं सकाळी त्यांनीच चिंच लावून घासली होती.

प्राची घरात, कॅमेरा उंबऱ्याकडे. बाहेर अंगणात रूपाली आणि तिच्यामागे दोर धरलेल्या दोघी. दिवस कलत होता. तिला नेमकी हीच वेळ हवी होती, धड दिवस नाही, धड रात्र नाही. "दोर दिसत नाहीये, छान. चला, घेऊ या."

रूपाली झेपावली. दोर ताणला, नखं नानांच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबली.

"गुदगुल्या करी ऱ्हायनी का?" नाना म्हणाले. "जरा जोरमा ये ना वं, पोरी!"

मुखवट्याआडून श्वास तेवढा ऐकू येत होता, धान्य पाखडल्यासारखा. सुनंदाबाईंनी मनगटाभोवती दोराचा आणखी एक वेढा घेतला. 'गुदगुल्या' हा शब्द पोरीने कोठीतही याच आवाजात ऐकला असणार, हे त्यांना आत्ता, या क्षणी कळलं.

"पुन्हा एकदा," प्राची म्हणाली. "रूपाली, मनात काही अडवू नकोस."

या वेळी रूपाली धावली नाही. चालत आली. उंबऱ्यावर बसली, नानांना खांद्याला धरून मांडीवर ओढलं आणि एक नख त्यांच्या गळ्याखाली सदऱ्यात रुतवलं. कापड टरकन फाटलं.

नानांचं हसू गेलं. "वहिनी, खेचा!"

सुनंदाबाई सगळ्या अंगाने मागे रेलल्या. दोर मनगटात काचला. "नको वं माय, रूपाली, नको!" पण रूपाली मागे येईना, नुसती एका बाजूला कलली. दुसऱ्या बाजूला ओढच नव्हती.

नानांनी मान वळवून पाहिलं. रुक्माबाई आपल्या जागीच उभ्या होत्या. दोराचं टोक त्यांच्या पायाशी मातीत पडलं होतं.

"अवं, धर ना!"

रुक्माबाई हलल्या नाहीत. नानांनी उभ्या जन्मात बायकोला नावाने हाक मारली नव्हती. आता मारली. "रुक्मा! दोर धर ना, रुक्मा!"

"मना हात दुखी ऱ्हायना," रुक्माबाई म्हणाल्या, आणि तुळशीच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

रूपालीने दुसरा हात वर उचलला. कॅमेऱ्यामागे प्राचीच्या अंगावर काटा आला होता. ती हलक्या आवाजात, आनंदाने म्हणाली, "वा, नाना! चेहरा असाच ठेवा. अगदी खरा वाटतोय."