दुसऱ्या भागावरचं नाव

मैथिलीनं दोन्ही हस्तलिखितं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि निसारकडं बघत राहिली.

एक 'भट्टीनगर'चं. शाळेतल्या बाईंचं वळणदार अक्षर, कुठं खाडाखोड नाही. दुसरं त्याच्या पुढच्या भागाचं, 'खिडकी'चं. अक्षर वाकडंतिकडं, पेन दाबून लिहिलेलं, ओळी खाली घसरलेल्या.

"हे अक्षर तुमचं आहे ना, निसारभाई?"

"व्हय. माझंच हाय."

मग आता लपवण्यात काय अर्थ आहे, असं मैथिलीनं विचारलं. ती प्रकाशक. तीन वर्षांपूर्वी 'भट्टीनगर' तिनंच काढलं होतं, वर निसारच्या बायकोचं, सबिनाचं नाव घालून. सोळावं लागलं की प्रत्येक पोर भट्टीच्या हवाली करणारं एक शहर, आणि त्या शहराविरुद्ध उभी राहिलेली तारा. इचलकरंजीपासून गडहिंग्लजपर्यंत कॉलेजची पोरं त्या पुस्तकापायी वेडी झाली. चार आवृत्त्या निघाल्या. वितळलेलं लोखंड पानातून चटका देतं, असं सगळे म्हणायचे. बाई शाळेत शिकवणाऱ्या, पण नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, त्याला विचारून लिहीत असतील, असंही म्हणायचे. निसार नुसती मान हलवायचा.

सबिना जाऊन आता सव्वा वर्ष झालं होतं. 'खिडकी' तिच्या मागं, तिच्याच नावानं निघालं. त्यात तारा पळत नाही, लढत नाही. एका खोलीत पाच बायकांबरोबर खिडकीशी बसून राहते. कोण येतं, कोण जातं, कोण परत येत नाही, एवढंच बघते. दोनशे पानं. तीन वर्षं वाट बघितलेली पोरं खवळली. गडहिंग्लजच्या एका मुलीनं पुस्तक पोस्टानं परत पाठवलं. आत चिठ्ठी होती, 'हे तुमच्याकडंच ठेवा, आमची तारा परत द्या.'

मैथिलीचं म्हणणं सरळ होतं. पुस्तक मागं घ्यायचं, शंभर पानं कापायची, चांगल्या लेखकाकडून मधे एक लढाई घालून घ्यायची. सबिना गेल्यावर निसारनं हे लिहिलं, एवढं त्यानं कबूल केलं की झालं. तिचं नाव तरी वाचेल.

निसारनं हाताची घडी घातली. "पुस्तक चांगलं हाय. एक अक्षर कापायचं न्हाय. ज्याला कळत न्हाय त्यानं वाचू नये."

"अहो, पोरं बाईंना नावं ठेवतायत."

त्यावर तो उठला आणि निघून गेला.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात वाचकांचा मेळावा होता. निसार मुलीला, शिफाला, घेऊन पहिल्या रांगेत बसला. पोरांनी तासभर 'खिडकी'ची सालं काढली. कुणी म्हणालं, झोप येत नसेल तर उशाशी ठेवा. कुणी म्हणालं, खिडकीपेक्षा दार काढलं असतं तर तारा बाहेर तरी पडली असती. हशा झाला. निसार मांडीवर हात ठेवून ऐकत राहिला.

मग अकरावीतला अर्णव उभा राहिला. "बाई वारल्या म्हणून कुणी बोलत नाही. पण खरं सांगायचं तर त्यांच्यात दुसरं पुस्तक नव्हतंच. पहिलं चुकून जमलं असणार."

निसार उठला. माईकची वाट त्यानं बघितली नाही.

"तिला बोल लावू नगंस. दुसरा भाग मी लिवलाय, ती गेल्यावर. तिची एक ओळबी न्हाय त्यात."

मैथिलीनं सुटकेचा श्वास टाकला. अर्णव म्हणाला, "मग काका, तुम्ही लिहायलाच नको होतं."

"नगंच हुतं. पण लिवलं की आता." निसार मैथिलीकडं वळला. "पुढच्या आवृत्तीवर माझं नाव घाला. शिव्या मला घाला. पर आतला शब्द एक कापायचा न्हाय. कापला, तर तिसरा भाग इसरायचा. तिचं टिपण माझ्याजवळ हाय."

दोनशे पोरांसमोर मैथिलीला हो म्हणावंच लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं बोलला म्हणून असेल.

शिफा स्कूटरवर मागं बसून घरी आली. दारात मात्र चप्पल न काढताच उभी राहिली.

"अब्बा, खोटं का बोललात? अम्मी सांगत होती आणि तुम्ही उतरवून घेत होता. तिचा हात चालत नव्हता म्हणून. मी दवाखान्यात तिच्या कॉटशेजारीच बसलेली असायची. वॉर्डातल्या त्या पाच बायका मला नावानिशी ठाऊक आहेत."

"हळू बोल."

"अम्मीचं पुस्तक तुम्ही स्वतःच्या नावावर केलंत."

"तसं केलं नसतं तर त्यांनी कापलं असतं. आता त्यातली एक बाईबी कुणाला हलवता येत न्हाय."

"आणि अम्मीचं नाव?"

"पयल्या पुस्तकावर हाय की. ते कोण काढतंय?"

शिफा रडत आत गेली. त्यानं तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीत जेवणाची सुट्टी झाली. बाकीचे डबे घेऊन झाडाखाली गेले. निसार लाकडी नमुने करायच्या पॅटर्न शॉपमध्येच थांबला. लाकडाचा भुसा झटकून त्यानं जुन्या जॉबकार्डांचा गठ्ठा कोऱ्या बाजूनं उलटा ठेवला आणि तिसरा भाग लिहायला घेतला. तारा खिडकीपासून उठली.

पहिला भाग त्यानं इथंच, असाच लिहिला होता. सबिनानं तो घरी सुवाच्य अक्षरात उतरवून काढला, आणि वर नाव कुणाचं घालू, म्हणून विचारलं. तो म्हणाला होता, "तुझं."