मोठी लाथ

पाथर्डीच्या स्टँडजवळच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमवर गोरक्षला कुणी हरवू शकत नसे. तिथं सहा बटणं होती, त्याचा दोस्त अमृतच्या घरी टीव्हीला जोडलेल्या गेमच्या रिमोटला दोनच.

"मोठी लाथ कुठल्या बटनात हाय रं?" गोरक्षनं अमृतच्या घरी चारचौघांत विचारलं.

"हुडक की," अमृत म्हणाला. घरच्या कॅसेटमध्ये ती लाथच नाही, हे त्याला ठाऊक होतं. गोरक्ष हरला. सगळे खो खो हसले, सगळ्यांत मोठ्यानं अमृत.

त्या दिवसापासून अमृतला स्टँडकडं फिरकायची लाज वाटे.

आज भर दुपारी तो एकटाच खेळायला बसला. दुसरा रिमोट वायर गुंडाळून कपाटावर ठेवलेला होता. तरी पडद्यावरचा दुसरा गडी पुढं आला आणि त्यानं मोठी लाथ घातली.

रिकाम्या खोलीत सगळे हसले. सगळ्यांत मोठं हसणं अमृतचंच होतं, आणि तोंड तर त्यानं घट्ट मिटलं होतं.